सतरा नंबर, हजर!

लग्न लागून मी सासरच्या दारात पोचले, तेव्हा हे माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "पायरी उंच आहे, जपून." माझी बहीण कानात पुटपुटली, "नशीब काढलंस गं, काळजी घेणारा मिळाला." मलाही तसंच वाटलं. पुढे महिन्याभरात कळलं की हे पोस्टमनलाही जपून म्हणतात, दूधवाल्यालाही म्हणतात, आणि कुंपणावरून चाललेल्या मांजरीला म्हणताना तर मी यांना स्वतः पकडलंय. लोक दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. आमचे हे पाणीसुद्धा फुंकून पितात.

हे कॉलेजात भूगोल शिकवतात. मुलं यांना 'जपून सर' म्हणतात. यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. वर्षातून एकदा हे वर्गाला अभ्यास सहलीला नेतात, कधी धरण, कधी खाण, कधी नदी समुद्राला मिळते ती जागा. बरोबर मुली असल्या की एक बाई लागते, आणि कॉलेजातल्या बायका काही ना काही निमित्त काढून सटकतात, म्हणून दरवर्षी माझी वर्णी लागते. मुलं मला काकू म्हणतात. औषधांची पेटी, उलटीच्या पिशव्या आणि रडणारी पोरं हे माझं खातं.

सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात सूचना. त्या मला आता झोपेतही म्हणता येतील. गर्दीत पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची. सगळे पैसे एका खिशात ठेवायचे नाहीत. ओळखपत्राची एक प्रत घरी ठेवून यायचं. अनोळखी माणसाने दिलेलं काही खायचं नाही, आणि आपण एकटे आहोत हे त्याला कळू द्यायचं नाही. अनोळखी गाडीत बसायचं नाही. बसायची वेळच आली तर आधी नंबर प्लेटचा फोटो काढून कुणाला तरी पाठवायचा आणि दाराजवळ बसायचं. फोन ऐन वेळी बंद पडतो, म्हणून एक तरी नंबर पाठ हवा. तो नंबर यांचा. आख्ख्या वर्गाकडून हे तो पाढ्यासारखा म्हणवून घेत. पण या सगळ्याच्या आधी, बोट वर करून, पहिली सूचना: "काही झालं, काहीही, तरी आधी मला फोन करायचा. मी आहे." ते 'मी आहे' म्हणताना यांचा आवाज असा व्हायचा की मागच्या बाकावरची चावट पोरंही गप्प बसायची.

हे वेड कुठून आलं ते मला माहीत आहे. कॉलेजच्या प्रवेशासाठी हे पहिल्यांदा एकटे निघाले होते. वाटेत एका स्टेशनवर पाणी प्यायला उतरले आणि गाडी सुटली. गाडीबरोबर बॅग गेली, बॅगेबरोबर सगळे दाखले गेले, आणि ते वर्षही गेलं. कसेबसे घरी आले. आमचे सासरे रागावले नाहीत की ओरडले नाहीत. ते हसले. नंतर जो येईल त्याला तो किस्सा रंगवून सांगायचे, "आमचा वेंधळा! गाडी पुढे नि हा नळाला तोंड लावून मागे!" आमच्या लग्नाच्या पंगतीतही माझ्या माहेरच्यांना सांगितला. सगळे पोट धरून हसले. हेही हसत होते, पण कान लाल झाले होते. मला वाटतं, गाडी सुटल्याचं दुःख हे कधीच विसरले. हसण्याचं नाही विसरले. पण या दोन्हींत फरक आहे हे काही यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

आलं असतं तर यांनी तो माईक आणला नसता.

यांचा नियम असा होता. थांब्यावरून बसमध्ये उशिरा येईल त्याने पुढच्या दांड्याला धरून सगळ्यांकडे तोंड करून उभं राहायचं, माईक हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "मी अमुक नंबर. मला उशीर झाला. कारण..." आणि पुढे कारण. गोलमोल कारण चालत नसे, हे खोदून खोदून विचारत. बस खो खो हसायची. एका मुलाने पोट बिघडल्याचं खरं खरं सांगितलं, तर पोरांनी त्याला वर्षभर 'नळ' म्हणून हाक मारली.

मी यांना म्हटलं होतं, "अहो, चारचौघांत पोरांना असं उभं नका करू."

"अगं, एकदा लाज वाटली की जन्मभर वेळ पाळतात."

"आणि मुलींचं काय? एक बाथरूम आणि पंधरा मुली. वेळ लागतो त्यांना."

"नियम म्हणजे नियम."

आता यांच्याशी किती डोकं आपटायचं? दगडावर आपटावं, तर तो कुठल्या जातीचा दगड तेही हेच सांगणार.

गेल्या वर्षी धरण बघायला निघालो होतो. सहलीत मुलांना नावं नसतात, नंबर असतात. प्रत्येक थांब्यानंतर हे शिटी फुंकतात आणि मुलं एकामागून एक आपापला नंबर ओरडतात. नाव वाचत बसण्यापेक्षा हे पटकन होतं. 'सतरा' म्हणजे एक बुटकी, हळू बोलणारी मुलगी. तिचा नंबर कधी ऐकूच यायचा नाही, हे दर वेळी ओरडायचे, "सतरा, पोटातून आवाज काढ!" तिच्या शेजारी 'अठरा', तिची जिवाची मैत्रीण, आवाजाने ढोल. दोघींचं एका वहीत चालायचं, एका डब्यात चालायचं, आणि वर्गात एक नसली की दुसरी तिची हजेरी देऊन टाकायची. हे आम्हाला नंतर कळलं. मुलांना ते एवढं अंगवळणी पडलंय की त्यात खोटं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

दुपार कलल्यावर हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर बस थांबली. मी खाली उतरलेच नाही. पाच नंबरला गाडी लागली होती, त्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि पिशवी माझ्या हातात. यांनी शिटी फुंकली. पोरं धडाधड चढली. नंबर सुरू झाले. पंधरा, सोळा, सतरा, अठरा... सगळे नंबर खणखणीत. सतरासुद्धा.

"वा, सतराला आज आवाज फुटला!" हे खूश होऊन म्हणाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला."

बस सुटली. पंपावरच्या बायकांच्या बाथरूमसमोर रांगेत शेवटी उभी राहिलेली सतरा तिथेच राहिली.

बराच वेळ झाला. पोरं गाणी म्हणून म्हणून दमली. टोलनाका मागे पडला. मग अठरा नंबर सीटच्या पाठीला धरत धरत माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, हिलाही गाडी लागली. मी नवी पिशवी काढली.

"काकू," ती म्हणाली, "ती बसमध्ये नाहीये."

"कोण?"

"सतरा."

"अगं, तिने नंबर दिला की!"

"मी दिला."

मग ते सगळं हुंदक्यांबरोबर बाहेर आलं. तिला वाटलं होतं, नंबर चालू आहेत तोवर ती धावत येऊन चढेल. ती येतेच, नेहमी येते. तिला ऐन प्रवासात पाळी आली होती, पिशवीत पॅड शोधायलाच वेळ गेला, वर ती रांग. आणि सर माईकवर कारण विचारणार. "काकू, ती काय सांगणार होती माईकवर?" बस सुटल्यावर अठराच्या तोंडून आवाजच फुटला नाही. तेवढ्यात सतराचा मेसेज आला: एक व्हॅन त्याच बाजूला निघाली आहे, तिच्यातून येते, पुढच्या थांब्यावर गुपचूप चढते, सरांना सांगू नको. सोबत व्हॅनच्या नंबर प्लेटचा फोटो. नंतर तिचा फोन लागेना.

मी पाच नंबरचं डोकं उशीवर ठेवलं आणि उठले. यांच्यापर्यंतची ती चार पावलं मला फार जड गेली. मी यांच्या कानात सांगितलं. मला वाटलं, आता हे फुटणार, आता त्या अठराची धडगत नाही. यांनी हात नुसता ड्रायव्हरच्या खांद्यावर ठेवला. बस कडेला थांबली, तेव्हा हे उभे होते आणि यांच्या गळ्यातली शिटी हलत होती.

वळायला जागा मिळेपर्यंत बस पुढेच जात राहिली. त्यासारखी शिक्षा नाही. मुलगी मागे, आणि आम्ही पुढे पुढे. शेवटी उलटे फिरलो. जी पोरं माईकवरच्यांना हसून हसून लोळायची, ती नखं खात बसली होती. हे सारखे तिचा नंबर लावत होते. बंद. मी मनात वाईट वाईट ते सगळं बघून घेतलं, आणि यांच्या मनात त्याच्या दुप्पट चाललं असणार, कारण असल्या बातम्यांची कात्रणं वर्गात वाचून दाखवणारे हेच.

पंपावरचा माणूस म्हणाला, "हो, एक मुलगी बसली पांढऱ्या व्हॅनमध्ये. बसमागे थोडी पळालीसुद्धा होती. हाका मारत होती."

पंपाच्या शेजारीच पोलीस चौकी होती. आत एक हवालदार बाई जेवणाचा डबा बंद करत होती. तिने नंबर प्लेटचा फोटो बघितला, बिनतारी यंत्रावर पुढे कळवला आणि मग यांच्याकडे वळली. बाई रागावलेली नव्हती. कामाचे प्रश्न विचारत होती.

"बस सोडताना मुलं मोजली होती?"

"हो."

"मग ही मुलगी होती की नव्हती?"

"नंबर आला होता."

"नंबर आला होता. मुलगी बघितली होती का?"

यांनी गळ्यातली शिटी मुठीत धरली.

"बरं. तिच्याकडे तुमचा फोन नंबर आहे?"

"पाठ आहे. सगळ्यांकडून पाठ करून घेतो मी."

"मग तिने तुम्हाला का नाही केला फोन? मैत्रिणीला कळवते, परक्या गाडीत बसते, पण तुम्हाला कळवत नाही. का?"

चौकीच्या दारात पोरांची गर्दी झाली होती. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पोरं जमिनीकडे बघायला लागली. मीसुद्धा भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसले. नवरा बायकोसमोर, विद्यार्थ्यांसमोर, एका परक्या बाईसमोर निरुत्तर उभा आहे आणि आपल्याला मधे पडून काही बोलता येत नाही. माझंच तोंड काळवंडलं. धरणीने पोटात घ्यावं असं नुसतं म्हणतात, त्या दिवशी मला ते खरोखर हवं होतं.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. हवालदार बाई म्हणाली, "स्पीकरवर टाका." यांनी टाकला.

पलीकडून इतका बारीक आवाज आला की पोरं पुढे सरकली.

"सर, मी सतरा. मी टोलनाक्यावर आहे. सर..." आणि मग, रडू आवरत, "सर, मला माईकवर नका ना बोलावू."

ती जिवंत आहे, धडधाकट आहे, या आनंदाने मी हात जोडले. आणि त्याच क्षणी यांच्याकडे बघितलं. कुणी थोबाडीत मारली तरी माणसाचं तोंड असं होत नाही. यांनी फोन माझ्या हातात दिला आणि चौकीच्या मागच्या बाजूला निघून गेले. मीच तिला म्हटलं, "नाही गं बाळा, कुणी नाही बोलावत. बस तिथेच, आलोच आम्ही."

व्हॅनवाला सरळमार्गी माणूस होता, बेकरीचा पाव दुकानांना पोचवणारा. त्याला टोलनाक्यापासून दुसरीकडे वळायचं होतं, म्हणून तिला उजेडात, माणसांत सोडून तो गेला. आम्ही उलटे फिरलो ते त्याच नाक्यावरून. ती पलीकडच्या बाजूच्या खोलीत पाठमोरी बसलेली, आमच्या कुणाच्या नजरेस पडली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ती एका स्टुलावर, सॅक पोटाशी धरून बसली होती. अठरा धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "अगं वेडे, इथे येऊन इतका वेळ झाला, आधीच फोन का नाही मागितलास?"

"मागणार होते, काकू. पण माझा फोन बंद. दुसरा कुणाचा नंबर आठवतोय का, ते आठवत बसले होते." ती यांच्याकडे न बघता म्हणाली, "नाही आठवला. सरांचाच आठवला."

आणि मग आपली बाजू मांडावी तसं घाईघाईने म्हणाली, "पण बाकीच्या सगळ्या सूचना पाळल्या, सर. प्लेटचा फोटो काढला. दाराजवळ बसले. त्यांनी पाव दिला, तो खाल्ला नाही. एकटी आहे असं नाही सांगितलं, म्हटलं पुढे बसमध्ये माझे सर आहेत."

पाळली नव्हती ती फक्त पहिली. हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. हे मान खाली घालून ऐकत होते. मान वर करून तिला शाबास म्हणायची यांची हिंमत झाली नाही.

बसमध्ये सगळे बसल्यावर हे पुढच्या दांड्याला धरून उभे राहिले. सगळ्यांकडे तोंड करून. सवयीने ड्रायव्हरने माईक चालू करून यांच्या हातात दिला. खरखर झाली. सतरा सीटमध्ये आणखी खाली सरकली.

"मला उशीर झाला," हे म्हणाले. "कारण..."

पुढे काही येईना. एरवी पोरांकडून खोदून खोदून कारण काढणारा माणूस, त्याला स्वतःचं एक कारण सांगता येईना. डोळे भरून आले होते. बसमध्ये कुणी हसलं नाही. मला यांना जाऊन खाली बसवावंसं वाटत होतं, पण मी उठले नाही. कधीतरी त्या जागी यांनी उभं राहायलाच हवं होतं, आणि नवरा झाला म्हणून मी ते पुसून टाकणार नव्हते. शेवटी पाच नंबर, तोच, ज्याला गाडी लागली होती, तो म्हणाला, "सर, बसा ना आता." तेव्हा हे बसले.

घरी आल्यावर दोन दिवस हे धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सतराचे वडील आमच्याकडे आले. मी दार उघडलं. आता हा माणूस बोलणार, आणि बोलायचा त्याला हक्क आहे. पण ते आले ते हात जोडूनच. बरोबर मिठाईचा खोका.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही बस मागे फिरवलीत म्हणून पोर हाती लागली. तुमच्या सूचनांमुळे वाचली." पोरीने घरी खरं कारण सांगितलंच नव्हतं. तिने यांना झाकलं होतं.

यांचा चेहरा मला बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर यांनी सुखाने खाल्ल्या असत्या.

वडील मोकळेपणाने हसत पुढे म्हणाले, "आमची पोरगीच वेंधळी हो! बस पुढे नि ही बाथरूममध्ये मागे! आता सगळ्यांना सांगतोय मी, नातेवाइकांत नुसता हशा."

हे ताडकन उठले. खोका टेबलावरून खाली पडला.

"वेंधळी नाही ती." यांचा आवाज एवढा चढला की मीच दचकले. मग एकदम खाली आला. "साहेब, ती वेंधळी नाही. ती घाबरली होती. मला घाबरली होती. मला फोन करण्यापेक्षा तिला परक्याच्या गाडीत बसणं सोपं वाटलं. एवढी माझी भीती तिला मीच घातली होती. तो खोका घेऊन जा. आणि पाया पडतो, तो किस्सा कुणाला सांगू नका. तिच्यासमोर तर नकोच."

वडिलांचं हसू मावळलं. जाताना खोका त्यांनी नेला नाही, पण यांच्याकडे पुन्हा हात जोडून बघितलंही नाही. तो खोका मी शेजारच्या मुलांना वाटून टाकला.

कॉलेजने विचारलं तेव्हा यांनी सगळं सांगितलं. अठराचं नाव घेतलं नाही. प्राचार्यांनी यांना समज दिली, आणि यापुढे सहलीला दुसरा शिक्षक बघू असंही म्हणाले. दुसरा कुणी तयार झाला नाही, म्हणून यंदा पुन्हा हेच निघाले. मन नव्हतं. सूचना दिल्या, पण बोट वर झालं नाही. पहिली सूचना देताना 'मी आहे' म्हणायला गेले आणि अडखळले. मग म्हणाले, "उशीर झाला तरी चालेल. कारण सांगू नका. फक्त कळवा, बस थांबेल."

निघताना ड्रायव्हरने विचारलं, "सर, माईक लावू का?"

"नको."

पहिल्या थांब्यावर यांनी शिटी फुंकली. आता हे प्रत्येक सीटशी जाऊन तोंड बघून मोजतात, आणि मुलांनी नंबरही द्यायचा. बारा, तेरा, चौदा... आणि मग गप्प. मागच्या सीटवरच्या एका मुलीचं तोंड उघडलेलं मी बघितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि मग म्हणाली, "सर, पंधरा अजून आली नाही."

'का' हा शब्द यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. तो यांनी गिळला.

"बरं," हे म्हणाले आणि खाली उतरून बसच्या दाराशी उभे राहिले. बराच वेळ उभे होते. ड्रायव्हरने दोनदा घड्याळ बघितलं, यांनी बघितलं नाही. शेवटी पंधरा धावत धावत आली. यांना दारात बघून तिचा चेहरा उतरला आणि पावलं अडली.

हे बाजूला सरले. "पायरी उंच आहे," हे म्हणाले, "जपून."

तिच्या तोंडाकडे मात्र यांनी बघितलं नाही. पायांकडे बघत म्हणाले. उशिरा येणाऱ्या कुठल्याच मुलीच्या तोंडाकडे यांना अजून बघवत नाही.